यजमानांच्या यादीत नसलेली घरं

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, पातळ पुस्तिकांचा एक गठ्ठा आहे. त्याला रबर लावून ठेवलं होतं; नागपूरच्या उन्हाळ्यांनी ते कधीच विरघळून कागदाला चिकटलं. 'सर्वास' या जाळ्यातल्या, म्हणजे प्रवाशांना आपल्या घरी फुकट उतरवून घेणाऱ्या जगभरच्या यजमानांच्या या याद्या. एकेका देशाची एकेक पुस्तिका. आत ओळीनं माणसं: नाव, वय, व्यवसाय, कोणत्या भाषा येतात, कशाची आवड आहे, घरी किती जणांची सोय होईल, किती दिवस आधी कळवायचं. काही नावांवर पेन्सिलीची रेघ आहे आणि रेघेपुढे मामाजींच्या बारीक अक्षरात कारण. 'घर विकले.' 'मुलाकडे गेले.' 'वारले.'

गेल्या वर्षी आमचा गट घरी जमला तेव्हा हा गठ्ठा मी मुद्दाम बाहेर काढला. विषय होता पुढच्या दहा वर्षांचा. आपलं हे जाळं पुढं कसं चालवायचं, कुणी चालवायचं, आणि खरं तर चालवायचं का. आम्ही सात जण होतो. सगळ्यात लहान सभासद ५४ वर्षांचे.

लग्न होऊन मी धंतोलीतल्या या घरात आले १९८७ साली. 'सर्वास' हा शब्द कानावर पडला तेव्हा मला तो आपलाच वाटला. पत्राच्या शेवटी 'घरातील सर्वांस नमस्कार' लिहितो ना, त्यातला. मामाजींना तसं सांगितलं तर म्हणाले, "तोही अर्थ चालेल." मग त्यांनी समजावलं, की शब्द एस्पेरांतो भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ 'सेवा करतो' असा होतो. कोणत्याही एका देशाची नसलेली भाषा, म्हणून त्या भाषेतलं नाव.

सुरुवात १९४९ सालची, डेन्मार्कमधली. बॉब लुइटवायलर हा अमेरिकन तरुण. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला, गांधींच्या विचारांनी भारलेला. युद्ध संपल्यावर तो डेन्मार्कमध्ये गेला आणि तिथल्या आस्कोव्हच्या लोकविद्यापीठात मित्र जमवून त्यानं हे काम उभं केलं. तेव्हाचं नाव 'पीसबिल्डर्स'. कल्पना अशी, की तरुणांनी देशोदेशी फिरावं, पण हॉटेलात उतरू नये. लोकांच्या घरी राहावं, त्यांच्या कामाला हात लावावा आणि ती माणसं कशी जगतात ते शिकून घ्यावं. ज्याच्या घरी जेवलो त्याच्यावर बंदूक रोखायला हात धजणार नाही, एवढी साधी त्यामागची श्रद्धा. पुढं त्याचं सर्वास झालं. शंभराहून अधिक देशांत ते पोहोचलं आणि १९७३पासून संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेत त्याला सल्लागार संस्थेचा दर्जा मिळाला. नियम मात्र थोडेच राहिले. पाहुण्याची आधी मुलाखत होते आणि त्याला एक परिचयपत्र मिळतं. यजमानाकडे दोन रात्री मुक्काम. कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत.

मामाजी यात आले ते सेवाग्राममुळे. १९४९च्याच डिसेंबरात जगभरातल्या शांतिवाद्यांची परिषद भारतात भरली होती, आधी शांतिनिकेतनला आणि मग सेवाग्रामला. गांधीजी असताना ठरलेली, ते गेल्यावर भरलेली. मामाजी तेव्हा १९ वर्षांचे. वर्ध्याला उतरून चालत आश्रमात गेले आणि आठवडाभर पंगतीत वाढायचं काम केलं. भाषणं त्यांना फारशी आठवत नव्हती. आठवत होतं ते हे, की एका युरोपियन गृहस्थांनी जेवण झाल्यावर स्वतःचं ताट घासलं आणि मग शेजारच्याचंही घासलं. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकली असेल. प्रत्येक वेळी ते 'शेजारच्याचंही' या शब्दावर जरा थांबत.

मी पाहिलेला पहिला पाहुणा १९८८च्या मे महिन्यातला. डेन्मार्कहूनच आलेल्या एक शिक्षिका. त्यांचं पत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं होतं आणि मामाजींनी 'मे महिन्यात नागपूरला येऊ नये' असं कळवलेलं पत्र त्यांना मिळालंच नव्हतं. पारा ४५च्या पुढं. कूलरच्या वाळ्यावर दर तासाला पाणी मारावं लागायचं. दुपारभर त्या छपरीला लागून असलेल्या खोलीत ओला पंचा डोक्यावर घेऊन बसल्या आणि आमच्या सासूबाईंनी त्यांना कैरीचं पन्हं पाजलं. संध्याकाळी त्या उठून मोरीकडं गेल्या आणि भांडी घासायला बसल्या. सासूबाई हबकल्या. "अहो, पाहुणीला भांडी?" मामाजी म्हणाले, "दोन रात्री ती घरातली आहे. घासू दे."

आतिथ्य म्हटलं की आपल्याकडं अतिथी देव असतो असं सांगतात. मला वाटतं, या कामाचं तत्त्व नेमकं त्याच्या उलट आहे. देवाला आपण नैवेद्य दाखवतो, त्याला मोरीवर बसू देत नाही. म्हणून देव कधी ओळखीचा होत नाही.

दुसऱ्या रात्री गच्चीवर पाणी शिंपडून आम्ही दोघी खाटांवर पडलो होतो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी मला विचारलं, तुला काय व्हायचं होतं? त्या घरात येऊन मला वर्ष झालं होतं, सगळी माणसं चांगली होती, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की नोकरी करायची आहे हे मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. मग त्यांनी त्यांच्या भावाबद्दल सांगितलं. अकरा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. पुढच्या वर्षी मी बँकेच्या परीक्षेला बसले. त्याचं श्रेय त्यांना दिलं तर ते खरं होणार नाही. पण ते वाक्य आधी त्या गच्चीवर उच्चारलं गेलं, हे खरं आहे.

दोनच रात्री का, असं नवे सभासद विचारतात. कारण पहिल्या रात्री सगळे आपापल्या देशाचे असतात. तुमच्याकडं हवा कशी, आमच्याकडं राजकारण कसं. दुसऱ्या दिवशी घराचा रोजचा रगाडा सुरू होतो, दूधवाला येतो, कुणावर तरी कुणी चिडतं, पाहुणा ते बघतो. मग दुसऱ्या रात्री माणसं बोलतात. तिसऱ्या रात्रीपासून घरावर ओझं पडायला लागतं. यावर कुणी अभ्यास केला असेल-नसेल, मी हे ३७ वर्षांच्या स्वयंपाकघरातून सांगते आहे. पुढच्या आराखड्यात काय वाटेल ते बदला, पण ही दुसरी रात्र काढू नका, असं मी बैठकीत म्हटलं.

बैठकीत अडचणींची यादी मात्र लांबतच गेली. मुलं पुण्या-बंगळूरला एका खोलीच्या घरात राहतात, पाहुण्याला झोपवायचं कुठं? सोसायटीच्या फाटकावर वॉचमन मोबाइलवर परवानगी आल्याशिवाय माणूस आत सोडत नाही आणि शेजारी विचारतात, हे गोरे लोक रोज कोण येतात तुमच्याकडं? परदेशी पाहुणा घरी राहिला की २४ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरून सरकारला कळवावं लागतं. मला त्याची आता सवय आहे, पण सत्तरीच्या माणसाला ते जमत नाही आणि चुकलं तर काय, या धास्तीनं दोन घरांनी यजमानपद सोडलं. विमानप्रवासानं हवेत काय सोडलं जातं याचा प्रश्नही एकानं काढला. तो रास्तच आहे, आणि त्याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. एवढंच, की आलात तर घाईनं येऊ नका, एका देशात महिनाभर राहा, रेल्वेनं फिरा.

तरुण पिढी अशा जाळ्यांपासून दूर आहे असं म्हणवत नाही. प्रवाशांना अनोळखी घरी फुकट मुक्काम मिळवून देणारं 'काउचसर्फिंग' हे संकेतस्थळ २००४च्या सुमारास सुरू झालं आणि जगभरची लाखो पोरं एकमेकांच्या सोफ्यावर झोपली. २०११ साली त्याची नफा कमावणारी कंपनी झाली, आणि २०२०च्या मे महिन्यात, ऐन टाळेबंदीत, सभासदांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात झाली. वर्षानुवर्षं लोकांनी फुकट उघडलेली दारं एका रात्रीत कुंपणाच्या आत गेली. आपली व्यवस्था जुनी असेल, सावकाश असेल, पण ती सभासदांची आहे. दर तीन वर्षांनी देशोदेशीचे प्रतिनिधी बसून ती कशी चालवायची ते ठरवतात. हे टिकवायलाच हवं.

प्रवाशांच्या मुलाखती आमच्या भागात मी घेते. एकदा इंजिनिअरिंगचा एक मुलगा आला. का जायचंय म्हटलं तर सरळ म्हणाला, "हॉटेलचे पैसे वाचतात, काकू." मी नकार लिहिणार होते. मामाजी तेव्हा थकले होते, आतल्या खोलीतून ऐकत होते. मला हाक मारून म्हणाले, "वाचवू दे की पैसे. विनोबांनी त्या दोन पोरांना पैसे न घेताच पाठवलं होतं ना? त्याला एवढंच विचार, त्याच्या घरी कुणी दोन रात्री राहू शकेल का."

ती दोन पोरं म्हणजे सर्वोदय चळवळीतले सतीश कुमार आणि ई. पी. मेनन. १९६२ साली अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले, मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनपर्यंत गेले. विनोबांनी सांगितलं होतं, खिशात पैसा ठेवू नका. पैसा असला की थकलेला माणूस खाणावळ शोधतो. नसला की कुणाचं तरी दार वाजवावं लागतं आणि मग बोलावं लागतं. वाटेत सोव्हिएत संघात चहाच्या एका कारखान्याबाहेर दोन बायकांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. चार अण्वस्त्रधारी देशांच्या नेत्यांना द्या म्हणाल्या, आणि सांगा की बटण दाबायची इच्छा झालीच तर आधी थांबून हा चहा प्या. विनोबांच्या पवनारच्या आश्रमातून परतलेल्या प्रत्येक पाहुण्याला मामाजी ही गोष्ट चहाचा कप हातात देऊन सांगत.

त्या मुलाला मी विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "काकू, आमच्या घरी माझे मित्रसुद्धा येत नाहीत. दोन खोल्या आहेत, बाबांना आवडत नाही." त्याला पत्र दिलं. तो पुढं गेला की नाही ठाऊक नाही. पण त्याचं उत्तर माझ्या मनात घर करून राहिलं. आपल्या यादीत कोणाची घरं आहेत, आणि कोणाची नाहीत?

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बरीच वर्षं लागली.

२००४ साली कोरियाहून एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. त्यांना दीक्षाभूमी बघायची होती. १४ ऑक्टोबर १९५६ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो माणसांसह जिथं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती जागा आमच्या घरापासून दोन-अडीच किलोमीटरवर. मी त्यांना घेऊन गेले. स्तूपाच्या आत शिरल्यावर त्या शांत बसल्या, आणि मग बाहेर येऊन त्यांनी सहज विचारलं, तू इथं किती वेळा येतेस? मी नागपुरात १७ वर्षं राहत होते आणि आत पहिल्यांदा आले होते. बाहेरून शेकडो वेळा गेले असेन, स्कूटरवरून, बँकेत जाताना. त्यांना मी खरं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत.

नॉर्वेचा माणूस माझ्या ताटात जेवला होता, आणि आमच्याच शहरातल्या इंदोरा या बौद्ध वस्तीतल्या एकाही घरात मी जेवले नव्हते. मोमीनपुऱ्याच्या मुसलमान वस्तीतल्याही नाही. आमच्या गावात जपानहून आलेले भदंत सुरेई ससाई इंदोऱ्याच्या विहारात राहिले, इथलेच झाले, भारताचे नागरिक झाले. परदेशी पाहुण्याला आपलं करून घेतल्याचं याहून मोठं उदाहरण नागपुरात दुसरं नाही, आणि मी त्याविषयी फक्त वर्तमानपत्रात वाचत होते.

त्याच वर्षीची गोष्ट. आमच्याकडं मावशी काम करायच्या, अजूनही करतात. रामबागला राहतात. दसऱ्याच्या आधी दरवर्षी तीन दिवसांची सुट्टी मागायच्या. "ताई, तीन दिवस येनं नाही होत. घरी पाव्हने येऊन राहिले." मी हो म्हणायची आणि पुढं विचारायची नाही. त्या वर्षी विचारलं. किती पाहुणे? "मोजले नाही ताई. वीस-बावीस रायतेत." वाशीमकडचे, नांदेडकडचे. नात्यातले? "थोडे नात्यातले. बाकी त्यायच्या गावचे. कोनी कोनी तर पयलेच पायतो."

दोन खोल्या. एक नळ, तोही तासभर. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारी माणसं रेल्वेनं, ट्रकनं, पायी येतात. शाळांमध्ये झोपतात, फुटपाथवर झोपतात, आणि रामबाग, इंदोरा, इमामवाडा अशा वस्त्यांमधल्या घराघरांत झोपतात. जागोजागी भोजनदान चालतं, पुस्तकांचे ढीग लागतात आणि खपतात. कुणाकडं परिचयपत्र नसतं. यजमानांची छापील यादी नसते. गावातला एक माणूस एका वर्षी एका घरी उतरतो, पुढच्या वर्षी चौघांना घेऊन येतो. मावशींच्या सासूच्या काळापासून हे चालू आहे. म्हणजे लुइटवायलरनं आस्कोव्हला जे स्वप्न पाहिलं ते माझ्या मोरीवर भांडी घासणाऱ्या बाईच्या घरी दर दसऱ्याला घडत होतं, आणि यजमान म्हणून छापलेलं नाव आमचं होतं.

त्यानंतर मी जायला लागले. पहिल्या वर्षी मावशींनी मला खुर्ची आणून दिली, शेजारच्यांकडून. मी खुर्चीवर, बाकी सगळे चटईवर. तिसऱ्या वर्षी खुर्ची आली नाही. त्याचा मला झालेला आनंद मी कुणाला सांगू शकत नाही. पण हेही लिहायला हवं, की त्या अजून माझ्याकडं कामाला येतात, मी त्यांना पगार देते, आणि त्यांच्या घरच्या चटईनं हे मिटत नाही.

म्हणून आराखड्यासाठी आमच्या गटानं जे लिहून पाठवलं त्यात मी हट्टानं तीन-चार गोष्टी घातल्या. नवे यजमान शोधताना आपल्यासारखेच, इंग्रजी बोलणारे, जास्तीची खोली असलेले शोधणं थांबवा. ज्याला मुक्कामाची सोय जमत नाही त्यानं दिवसाचं यजमान व्हावं ही तरतूद आपल्याकडं पूर्वीपासून आहे. ती कमी प्रतीची समजू नका, तिथूनच सुरुवात करा. अर्ज मराठीत, हिंदीत, तोंडी सांगूनही भरता यावा. प्रवास परदेशाचाच असला पाहिजे असं नाही, धंतोलीतून रामबागला जाणं हाही प्रवास धरा, दोन रात्रींचा. आमच्याकडच्या माणसाला युरोपात दोन रात्री राहायचं तर व्हिसासाठी बँकेचे कागद, राहण्याच्या जागेचा पुरावा असं सगळं द्यावं लागतं, आणि मावशींना तो व्हिसा कधी मिळणार नाही. ज्यांच्या हाती पासपोर्ट आहे त्यांनाच फिरू द्यायचं असेल तर 'शांतता' हा शब्द आपण जपून वापरला पाहिजे. आणि सुरुवातीचा तो काम करण्याचा भाग परत आणा. पाहुण्यानं घरातल्या कामाला हात लावावा. हे मी सगळ्यात वर लिहिलं.

गटातल्या एका काकांना हे पटलं नाही. म्हणाले, आपण शांततेसाठी आहोत, समाजसुधारणेसाठी नाही, दोन्ही एकत्र केलं तर एकही धड होणार नाही. मला त्यांचा राग आला, पण त्यांच्या म्हणण्यात काळजी होती. ८१व्या वर्षी ते अजून पाहुण्यांना आणायला स्वतः स्टेशनवर जातात. आमचं एकमत झालं नाही. दोन्ही मतं पाठवली.

या दसऱ्याला स्पेनहून दोघं आले होते, निवृत्त नर्स आणि तिचा नवरा. मुक्काम आमच्याकडं, ऑनलाइन फॉर्म मी भरला. दिवसभर मात्र ते मावशींकडं होते. मावशींना आठ दिवस आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "येऊ द्या. पन काम करा लागीन." दोघांना लसूण सोलायला बसवलं. घरात त्या दिवशी सव्वीस माणसं होती. मावशींचा नातू बी.ए.ला आहे, तो दुभाषा. मध्येच मावशींनी त्याला म्हटलं, "इचार बरं यायले, यायच्या घरी कोन येते मुक्कामाले?" त्यानं विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, लहानपणी आईच्या गावी जत्रेला घर भरायचं, आता शहरात फ्लॅट आहे. नातवानं ते सांगितलं. "मंग आता कोनीच नाही येत?" मावशींनी परत विचारलं. हा प्रश्न त्यानं इंग्रजीत केला नाही. लसणाची टोपली उचलून आत घेऊन गेला.

चार दिवसांनी मावशी कामावर आल्या तेव्हा मी विचारलं, तुमचं नाव यादीत घालू का, दिवसाच्या यजमान म्हणून? सगळं समजावलं. फोन कुणाचा द्यायचा, कोण येईल, नको वाटलं तर नाही म्हणता येतं. त्या पदराला हात पुसत बसल्या, चहा घेतला, मग हो म्हणाल्या. मी वही घेतली. वय? "पंचावन धरा." भाषा? मराठी, हिंदी. आवड कशाची, म्हटल्यावर बराच विचार करून म्हणाल्या, "भीमगीतं." किती दिवस आधी कळवायचं? "दसऱ्याले कळवाचं काय काम हाय."

मग तो रकाना आला, किती जणांची सोय होईल. तिथं आकडा लागतो. मी पेन्सिल धरून थांबले.

"लिवा ना ताई, येतीन तितके."